लटकतं टोक

कात्री घसरली आणि दुधाच्या पिशवीचं टोक तुटून बेसिनमध्ये पडलं.

त्यानं वर पाहिलं. समोर कपाटावर बायकोच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता.

टोक तोडायचं नाही. लटकतं ठेवायचं. सुटे तुकडे गटारात जातात.

त्यानं टोक उचलून खिशात टाकलं. खिशात आधीच काहीतरी चुरचुरत होतं. दुसरी पिशवी घेतली. श्वास रोखला. या वेळी टोक लटकलं.

डबे विसळायचे, मग पुसायचे.

विसळले. पुसले.

खोके चपटे करायचे. झाकणं वेगळी.

केले. केली.

मावशीला संशय येता कामा नये. हे मात्र कागदावर नव्हतं.

खाली, जिन्यामागच्या टेबलाशी मावशी हातमोजे चढवून उभी होती. इमारतीचा सुका कचरा पंधरा वर्षं तीच निवडत होती.

"आजही तुम्हीच? वहिनी कुठायत?"

"बहिणीकडे."

"तीन आठवडे? बहीण आहे की डिंक?"

तो हसला. जरा जास्तच.

मावशीनं पिशवी टेबलावर उपडी केली. "कुणाच्या घरात कोण आजारी, कोण रुसलंय, मला कुणी सांगावं लागत नाही. कचरा सांगतो."

त्याचा हात खिशावर गेला.

"काय आहे खिशात?"

"किल्ल्या."

"किल्ल्या अशा चुरचुरतात होय?"

मानेवरून घामाचा थेंब ओघळला. मावशीनं एक डबा हुंगला. मग दुधाची पिशवी उजेडात धरून लटकतं टोक बोटानं हलवलं. बराच वेळ.

"काय झालं?" त्याचा आवाज चिरकला.

"कालपर्यंत पिशव्या बोडक्या होत्या. आणि हा हात तर वहिनींचा." ती एकदम हसली. "आल्यात ना? आणि माझ्यापासून लपवताय!"

"हो... आली. सकाळीच."

"सांगा, मावशीनं आठवण काढलीय."

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. दाराला आतून कडी घातली. आतल्या खोलीचे पडदे ओढलेलेच होते. त्यानं खिसा रिकामा केला: तिच्या गोळ्यांची सात रिकामी पाकिटं आणि ते तुटलेलं टोक.

"माझं दुखणं ओळखलं का तिनं?" पलंगावरून बायकोनं विचारलं.

"नाही. हात तुझाच म्हणाली."

"शिकलात म्हणजे." तिनं डोळे मिटले. "आता मी जायला मोकळी."