शेवटचा गुण

तलवारबाजीची अंतिम लढत, चौदा-चौदा गुण, पुढच्या एका गुणावर सुवर्णपदक. प्रतिस्पर्ध्याच्या पायावर नेम धरून मी वाकलो आणि माझ्या बाजूचा दिवा लागला. सभागृह उसळलं, तो सुन्न झाला आणि मीही, कारण तलवारीचं टोक माझ्याच पायाच्या अंगठ्यावर आपटलं होतं. दिव्याला टोक दाबलं गेल्याचं कळतं, पाय कोणाचा ते नाही. पंचांच्याही लक्षात आलं नव्हतं. प्रशिक्षक म्हणून आलेली माझी मावशी गळ्यात पडून रडू लागली. मी तिच्या कानात खरं सांगितलं. रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. “गाढवा, हात मिळवला की निकाल पक्का. मिळव आणि गप्प बस.” समोरून ओल्या डोळ्यांचा प्रतिस्पर्धी हात पुढे करून आला. मी तिथेच बसून बूट काढायला लागलो. “हे काय?” पंचांनी विचारलं. मी सुजलेला अंगठा दाखवला. “साक्षीदार.”