उष्टा पेला

मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या नणंदेच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षातला हा सोमवार. सकाळचे दहा वाजले होते. दवाखान्याच्या फाटकाशी चाळीस माणसं पिशव्या भरून उभी होती. झाडूवाले, आया, ड्रायव्हर. आत पटकीचे एकशे दहा रोगी. खाटा संपल्या, म्हणून निम्मे फरशीवर. ही चाळीस माणसं गेली असती तर सलाईनची बाटली बदलायलाही हात उरला नसता.

मोठ्या डॉक्टरीणबाई पायरीवर आल्या. सगळा दवाखाना त्यांच्या जिवावर चालला होता.

"दोन झाडूवाले आडवे झालेत," ड्रायव्हर म्हणाला. "आपल्याच टाकीचं पाणी बाधलंय."

"पाणी तपासायला दिलंय. संध्याकाळपर्यंत कळेल. तोवर उकळून प्यायचं."

"चांगलं असतं तर उकळायला कशाला लावलं असतंत? आम्ही काय दुधखुळे आहोत? तुम्हीच पिऊन दाखवा की नळाचं!"

कुणीतरी नळावरून स्टीलचा पेला भरून आणला. बाईंनी तो तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला आणि मान डोलावली. बोलल्या मात्र नाहीत. पायरीशी त्यांची नणंद उभी होती. तीस वर्षं ती इथे आया होती. दवाखान्यात ती वहिनीला 'बाई' म्हणायची, घरी 'अगं'. पेला तिच्या हातात देऊन बाई भराभर खोलीत गेल्या. कडी लावली. घोट बेसिनमध्ये थुंकला. तीनदा उकळलेल्या पाण्याने चूळ भरली, तरी जीभ जड वाटत राहिली.

मग खिडकीतून पाहिलं. पिशव्या परत आत चालल्या होत्या. ड्रायव्हर सर्वांत मागे, खाली मान घालून. बाई मटकन खुर्चीत बसल्या. निभावलं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी फोन आला. टाकीच्या पाण्यात पटकीचे जंतू निघाले होते. त्यांनी टाकी बंद करवली, बाहेरून पाणी मागवलं. रात्रभर त्या स्वतःची नाडी मोजत बसल्या.

बुधवारी दुपारी निरोप आला, अकरा नंबरच्या खाटेवर नणंदबाई आहेत. बाई धावत गेल्या. डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. दोन्ही हातांना सलाईन होतं.

"वन्सं, तुम्ही तर उकळलेलंच पीत होता ना?"

नणंद हसल्यासारखी झाली. आवाज पार बसला होता. "अगं, तुझा गाल फुगलेला दिसला मला. ड्रायव्हरलाही दिसला. बाईंनी गिळलंच नाही, म्हणून तो ओरडला. माणसं परत फाटकाकडे वळली. मग उरलेला पेला मी संपवला, सगळ्यांदेखत." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "तीस वर्षांत तुझं उष्टं कधी तोंडाला लावलं नव्हतं बघ."

बाईंनी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

दोन्ही झाडूवाले बरे होऊन कामावर आले. साथ तेरा दिवसांनी ओसरली. त्या चाळिसांतलं एकही माणूस काम सोडून गेलं नाही. दवाखान्याच्या माणसांपैकी एकटी नणंद दगावली, गुरुवारी सकाळी सव्वाआठ वाजता.