बहात्तर ठोके

स्कूटर घसरली आणि हॅन्डल पोटात बसलं, एवढंच निमित्त झालं. वैजूच्या अंगावर साधं खरचटलंही नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात कुंदा सिस्टरांनी मॉनिटरच्या पडद्यावर नजर टाकली. ठोके बहात्तर.

“सिस्टर, पोरीचे हात बघा हो, बर्फासारखे गार पडलेत. सारखं पाणी मागतेय,” वैजूची आई अनसूयाबाई म्हणाल्या.

“घाबरलीय ती, मावशी. ठोके अगदी छान आहेत. डॉक्टर येतील तेव्हा बघतीलच.”

अनसूयाबाई वैजूचे हात चोळत राहिल्या. अख्ख्या गावात छातीत शांतक न बसवलेल्या त्या एकट्याच. बाकी सगळ्यांच्या छातीत तो गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा होता. परीक्षा असो की भांडण, ठोका बहात्तरच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम.

अर्ध्या तासानं वैजू हाकेला ओ देईना, तेव्हा सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. रक्त आतल्या आत वाहत होतं. उरलंसुरलं रक्त अंगभर पुरवायला हृदयाला धावायचं होतं, आणि शांतक त्याला धावू देत नव्हता. डॉक्टरांनी येऊन तो बंद केला, पण तोवर फार उशीर झाला होता.

संध्याकाळी सिस्टर माफी मागायला वाकल्या, तर अनसूयाबाईंनी त्यांच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला. अनसूयाबाईंच्या छातीशी कान टेकला आणि सिस्टर थिजल्या. आत नुसती धडधड चालली होती, बेभान. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

हाच तर दुपारी वैजूच्या छातीतून यायला हवा होता.