तळाचा कण

“मॅडम, माझं बीकर कुठंय?”

तापातून उठून आठवड्याने ती प्रयोगशाळेत आली होती. कोमट पाण्याच्या टबातली तिच्या बीकरची जागा रिकामी होती.

तिच्या गाइड मॅडम बेसिनपाशी उभ्या होत्या. हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस. मटेरियल सायन्सच्या विभागप्रमुख असल्या तरी घाणेरडं बीकर दिसलं की त्यांना चैन पडत नसे. मुलं त्यांना पाठीमागे ‘घासणी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

“लेबल नसलेलं ते? मी धुऊन टाकलं.”

वाफेने लेबल सुटलं असणार. त्या बीकरमध्ये, शरीरातल्यासारख्या द्रावात, तिचा स्क्रू होता. मोडलेलं हाड जोडणारा आणि हाड जुळलं की शरीरातच विरघळून जाणारा, म्हणजे तो काढायला पुन्हा चिरफाड नको. तिची सगळी पीएचडी त्या एवढ्याशा स्क्रूवर टांगलेली. आधीचे सगळे स्क्रू विरघळत आणि शेवटी तळाशी तिळाएवढा कण उरे. तो काही केल्या जात नसे, रुसलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसे. ती आजारी पडली तेव्हा याही बीकरच्या तळाशी तो होताच.

तिला रडू आवरेना. मॅडमचा चेहरा पडला.

“चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. आपण नवा लावू गं. मी स्वतः लक्ष ठेवते.”

“तुम्ही लक्ष ठेवलंत म्हणूनच तर…” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मॅडमना मात्र हसू फुटलं. मग तिलाही जरा बरं वाटलं. इतकी वर्षं या बाईंच्या हाताखाली काढली, ती काही उगाच नाही.

डोळे पुसून, बाही सारून ती बेसिनची जाळी चाचपू लागली.

“काय शोधतेस?”

“तो कण. निदान त्याचं वजन तरी मिळू दे.”

“कसला कण?” आता मॅडम खरंच चिडल्या. “मी काय आंधळी आहे? ओतायच्या आधी सगळं फिल्टर पेपरमधून गाळलं मी. तो पेपर भिंगाखाली धरला. कोरा करकरीत! काहीच नव्हतं, म्हणून तर ओतलं ना!”