टाचेमागची शीर

"दुखतंय?" वहिनीने विचारलं.

"अजिबात नाही," नणंद म्हणाली.

ती तपासणीच्या पलंगावर पालथी झोपली होती. पावलं पलंगाच्या बाहेर. वहिनीने उजव्या टाचेच्या वरची शीर चिमटीत धरली आणि पुन्हा एकदा दाबली. या वेळी नणंद काहीच बोलली नाही. वहिनीची बोटं तिथे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिली. मग तिने टॉवेलला हात पुसले.

"पळ मग रविवारी. पण सावकाश."

नणंद उठून बसली आणि तिने वहिनीला घट्ट मिठी मारली. वहिनीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. अशी मिठी पहिलीच.

दोघींचं कधी पटलंच नव्हतं. वहिनी फिजिओथेरपिस्ट होती आणि गोड बोलणं तिला जमत नसे. सासूचे गुडघे गेले तेव्हा तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आजपासून जिना बंद, खोली खाली हलवा. सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबरच होतं ते, पण नणंदेच्या मनातून ते गेलं नाही. भावाकडे येणं-जाणं चालू राहिलं, वहिनीशी बोलणं मात्र कामापुरतं.

नणंद सलूनमध्ये केस कापायची. दिवसभर उभं राहायचं काम. मुलगी आठवीत असल्यापासून मायलेकी रोज सकाळी पळायला जायच्या. आता मुलगी शिकायला परगावी निघाली होती. जायच्या आधी एकदा बरोबर पळू म्हणून दोघींनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं आणि नेमकी तेव्हाच नणंदेची टाच धरली. मलम लावून झालं, बर्फ लावून झाला, पंधरा दिवस घरी बसूनही झालं. पळायला लागलं की दुखणं हजर. शेवटी अगदी नाइलाज झाला तेव्हा ती वहिनीच्या दवाखान्यात आली.

वहिनीने तिला नुसतं घरी बसवलं नाही. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं कशी पडतात ते वहिनीला फोन करून सांगायचं, त्यावर पुढचं ठरायचं. दवाखान्याच्या जिन्यावर पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून दुखरी टाच हळूहळू खाली सोडायची. पंधरा वेळा. मग थोडं थांबून पुन्हा पंधरा. त्या थांबण्यात गप्पा सुरू झाल्या. आधी टाचेच्या, मग सलूनमधल्या, मग घरातल्या. एकदा दवाखाना बंद करायच्या वेळी नणंदेने वहिनीला खुर्चीत बसवून तिचे केस कापले. इतकी वर्षं कुणाकडून कापून घेत होतीस, उंदराकडून, असं म्हणाली. दोघी पोट धरधरून हसल्या. त्या संध्याकाळी वहिनी घरी गेली ती गुणगुणतच.

रविवारी अकराव्या किलोमीटरला एक साधा चढ होता. नणंदेला वाटलं, मागून कुणीतरी टाचेवर लाथ मारली. कोण आहे ते बघायला ती वळली आणि तशीच खाली बसली. मागे कुणी नव्हतं. मुलगी पुढून धावत परत आली तेव्हा आईला पाऊल हलवता येत नव्हतं. शीर तुटली होती.

ऑपरेशन झालं, प्लास्टर चढलं. सहा महिने उभं राहायचं काम करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. सलूनवाल्यांनी महिनाभर वाट पाहिली आणि तिच्या खुर्चीवर दुसरी बाई घेतली. मुलगी दोन बॅगा घेऊन एकटीच परगावी गेली. आईने पाय उशीवर ठेवून खिडकीतून हात हलवला.

घरात वहिनीशी कुणी भांडलं नाही. फक्त एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं, तुझ्यासारखीला कळलं कसं नाही? ती ताट उचलून आत गेली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ती नणंदेकडे गेली. पाय हातात घेतला. पोटरी निम्मी झाली होती. व्रणाच्या कडेने तेलाचा हात ती हलका हलका फिरवू लागली.

"वहिनी, मी खोटं बोलले होते," नणंद म्हणाली. "त्या दिवशी तू दाबलंस तेव्हा जीव नुसता कळवळला. उशी दातात धरून गप्प राहिले. मी दादाला सांगितलंय, आईला सांगितलंय. तुझा यात काडीचाही दोष नाही. मला माफ कर."

सुटका अशी आयती चालून आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मला कळलं होतं," वहिनी म्हणाली.

नणंदेने तिच्याकडे पाहिलं.

"शिरेवरची सुजेची गाठ तशीच होती. मी दाबलं तेव्हा तुझी पोटरी दगडासारखी झाली. हे मला कळणार नाही तर कुणाला कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

वहिनीचा हात थांबला. रोज दहा जणांना ती तोंडावर नाही म्हणत असे.

"तू दुखावली असतीस," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं."

नणंदेने आपल्या वाळलेल्या पोटरीवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आपलं पटत नव्हतं तेव्हा मी पळू का म्हणून विचारलं असतं ना वहिनी," ती हळूच म्हणाली, "तर तू सरळ नाही म्हणाली असतीस."