वाऱ्याने नेलेलं वाक्य

पडद्यावर बाबांनी तोंड उघडलं आणि भलत्याच माणसाचा आवाज बाहेर आला.

"बोट पोरींच्या हातात द्यायची नसते. उतर खाली. माझ्यासमोर उभी राहू नकोस."

रोझेनने मान खाली घातली. वाक्य येणार हे तिला ठाऊक होतं. दिग्दर्शिका क्लेमाँसने फोन करून आधीच सांगितलं होतं. शूटिंगच्या दिवशी धक्क्यावर इतका वारा होता, की बाबांचा, म्हणजे जाकेझचा, एक शब्दही धड टिपला गेला नाही. ते वाक्य नंतर त्यांच्याकडून स्टुडिओत म्हणवून घ्यायचं ठरलं होतं. त्याआधीच जाकेझ गेले. मग पॅरिसच्या एका नटाचा आवाज लावला.

सिनेमा इथेच, त्यांच्या केरगाद बंदरात काढलेला. मासेमारी बोट चालवणाऱ्या एका तांडेलाची मुलगी बापाची बोट मागते आणि बाप तिला हाकलून देतो, अशी गोष्ट. मुलगी झालेली नटी पॅरिसची, बाकी सगळी माणसं गावची. बापाचं काम जाकेझना मिळालं तेव्हा गाव हसलं होतं. "जाकेझला नट व्हायला कशाला हवंय? घरचंच तर बोलायचंय!"

कारण छातीने दगा दिल्यावर जाकेझ बोटीवरून उतरले होते आणि सुकाणू रोझेनने धरलं होतं. धरायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुपारी बोटी आत आल्या की धक्क्यावर यायचे, तिच्या पेट्यांतल्या मासळीवर नजर टाकायचे आणि घरी जायचे. शाबासकी नाही की शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवी ते आपल्या माणसालाच देत. बंदरातले पुरुष तिला 'तांडेलीणबाई' म्हणून चिडवत, तेही त्यांनी ऐकलं होतं. ऐकून गप्प राहिले होते.

आता हा सिनेमा गावोगाव जाणार. प्रत्येक ठिकाणी बाबा तिला बोटीवरून उतरवणार. आणि खरंच त्यांच्या मनात तसं होतं का, हे विचारायला ते नव्हते.

गावच्या सभागृहात रविवारच्या त्या खेळाला माणूस मावत नव्हता. आता सगळे चूपचाप होतील, कोणीतरी तिच्याकडे चोरून बघेल, असं तिला वाटलं. तसं झालं नाही. खुर्च्या कुरकुरल्या. मागे कुजबुज सुरू झाली.

"अगं बाई, हा बोलतोय काय आणि ऐकू काय येतंय?" त्युमेतमावशी मोठ्याने म्हणाली.

"हे तो म्हणतच नाहीये!" रोझेनच्या बोटीवरचा लोईक उठून मागे बसलेल्या क्लेमाँसकडे वळला. "ओ बाई, थांबवा तुमचा सिनेमा!"

सभागृहातल्या अर्ध्या बायकांचा जन्म मासळी डब्यांत भरण्याच्या कारखान्यात गेलेला. तिथे यंत्रांच्या खडखडाटात सुखदुःखाच्या गोष्टी ओठांवरूनच कळायच्या. पुरुषांचंही तेच. इंजिन गरजत असताना तांडेल केबिनच्या काचेआड बोलतो आणि डेकवरची माणसं त्याचे ओठ पाहून दोर सोडतात. याला कोणी विद्या मानत नाही. रोझेनही ते बाबांच्याच काचेसमोर शिकली होती. आज मात्र ती आपल्या बुटांकडे बघत बसली होती.

दिवे लागले. क्लेमाँस पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "शब्द ओठांवर नीट बसत नव्हते, मान्य आहे. आम्हाला वाटलं, वाऱ्यात ते अडखळले असतील."

"जाकेझ आणि अडखळणार?" त्युमेतमावशी म्हणाली. "अहो, तो बोलायचाच इतकं कमी, की अडखळायला वाव कुठे होता!"

लोक हसले. रोझेनला हसू आलं नाही. त्यांचं खरं वाक्य याहून कडू असलं तर? हे निदान कागदावरचं होतं. लिहिणारी परकी होती. ती तशीच उठून गेली असती, तर कोणी अडवलं नसतं.

"मागे घ्या," ती म्हणाली. "आवाज बंद करून लावा."

दिवे विझले. बाबा पुन्हा समोर आले. एका कडेला पाठमोऱ्या नटीचा पिवळ्या रेनकोटातला खांदा दिसत होता. बाबांची नजर तिच्यावर नव्हती. ते खांद्यावरून पलीकडे, बंदराच्या तोंडाकडे बघत होते.

"मी सारखी सांगत होते, तिच्याकडे बघा म्हणून," क्लेमाँस हळूच म्हणाली. "पण ऐकतील तर ना."

"कॅमेऱ्याच्या मागे काय होतं तेव्हा?" लोईकने विचारलं.

"काही नाही. पुढच्या दृश्यासाठी त्यांची बोट आत येत होती."

माना वळल्या. रोझेनला तो दिवस आठवला. नैर्ऋत्येचा वारा, पाण्याला उधाण, धक्क्याला बांधलेल्या दोन मोठ्या बोटी आणि त्यांच्यामधली चिंचोळी जागा. तिने श्वास रोखून बोट त्या फटीत घातली होती. दोन्ही बाजूंना रंगाचा ओरखडाही उठला नव्हता. कोणी पाहिलं नाही, असंच ती आजवर समजत होती. सगळे तर शूटिंग बघत होते.

"पुन्हा लावा," कोणीतरी म्हणालं.

या वेळी तिने मान वर ठेवली. बाबांचे ओठ हलले. त्यांच्याबरोबर आधी त्युमेतमावशी बोलली, मग लोईक, मग रांगेमागून रांग, प्रार्थना म्हणावी तशा दबक्या आवाजात अख्खं केरगाद बोललं:

"बघा, पोरगी बोट कशी आणतेय. इतकी अलगद मला जन्मात लावता आली नाही."