मोकळी झालेली जागा

"पेनड्राइव्ह धनेशनेच लावला, हे तुम्हाला मान्य आहे?" चौकशी समितीच्या नंदकुमार साहेबांनी विचारलं.

"मान्य आहे," नमिता म्हणाली. "पण कॉम्प्युटर बंद पडला, त्यात त्यांची चूक नाही."

तीन आठवड्यांपूर्वी तळोज्याच्या त्या केमिकल कारखान्यात कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर अचानक बंद पडला. गॅसचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला, भोंगाही वाजला नाही. खाली टाकीपाशी गेलेला शिफ्ट इन्चार्ज प्रीतम गुदमरून गेला. त्याच्या हाताखालचा ऑपरेटर धनेश, म्हणजे नमिताचा नवरा, सस्पेंड झाला.

नावड्याच्या कॉलनीत लोक तोंड फिरवू लागले. प्रीतमची बायको वैशाली एकदा दारात येऊन उभी राहिली. "माझ्या माणसाला का मारलंत?" एवढंच म्हणाली. धनेश खाली मान घालून उभा होता. नमितालाच रडू फुटलं.

नमिता महाप्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. त्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममधला दोष अपघाताच्या दोन महिने आधी तिनेच शोधला होता. समितीला तिने तो सोपा करून सांगितला. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरची नोंद बिघडलेली असली, की फायली वाचणारा कोड मेमरीतली एक जागा मोकळी करायचा आणि विसरून पुन्हा तीच वापरायला जायचा. तोवर तिथे भलतंच काही येऊन बसलेलं असायचं. सगळंच कोसळायचं. सिस्टिम बनवणाऱ्यांचं कबुलीपत्र तिने टेबलावर ठेवलं.

"हे कारखान्यात कुणाला माहीत असेल?"

"शक्यच नाही, सर. दुरुस्ती येईपर्यंत बाहेर बोलायला बंदी होती. दुरुस्ती आत्ता गेल्या आठवड्यात आली."

नंदकुमार साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे हा अपघातच. धनेश, सोमवारपासून कामावर या. प्रीतमच्या जागी आता तुम्हीच."

बाहेर आल्यावर नमिताला हुंदका आवरेना. धनेशने रिक्षा थांबवली, तिला हात धरून बसवलं. रिक्षा नावडे फाट्याला वळली.

मग तो तिच्याकडे झुकला.

"नमू, तुझे उपकार कसे फेडू?" तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी जेवताना तू मला तो दोष इतका नीट समजावला नसतास, तर मला जमलंच नसतं."